विमानात साठलेली माणसं

२०१९ च्या दसऱ्याला, ८ ऑक्टोबरला, फ्रान्समधल्या मेरिन्याक इथे भारताला मिळालेल्या पहिल्या राफेल विमानाची पूजा झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी विमानावर ॐ रेखला, फुलं वाहिली, नारळ ठेवला. चाकांखाली लिंबं ठेवली होती. पुढे कित्येक दिवस त्या लिंबांवरून वाद रंगला. एका बाजूला परंपरेचा अभिमान, दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धेचा आरोप. त्याच खंडेनवमी-दसऱ्याला परभणी जिल्ह्यात ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, जिनिंगमधल्या यंत्रांना, एसटीच्या गाड्यांना हार घातले गेले आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. वर्षभर ज्याच्या जिवावर घर चाललं, त्याला एक दिवस हळदकुंकू लावायचं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

राफेलच्या वादात एक प्रश्न मात्र हरवला. निर्जीव यंत्राशी माणसाचं नातं जुळतं, तेव्हा नेमकं काय घडतं? लढाऊ विमानं घेऊन युद्धावर गेलेल्या आणि जिवंत परतलेल्या माणसांपाशी या प्रश्नाचं सर्वांत धारदार रूप सापडतं. हे वैमानिक ऐंशी-नव्वद वर्षांचे झाले तरी आपल्या विमानाचा क्रमांक विसरत नाहीत. संग्रहालयात ते विमान दिसलं की आधी हात त्याच्या पत्र्यावर जातो. ही नुसती म्हातारपणीची हळवी आठवण म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. माझ्या मते या मायेच्या मुळाशी ऋण आहे. विमानात अनेक माणसांचे कष्ट साठलेले असतात आणि ज्याचा जीव त्या कष्टांनी राखला, त्याला त्याची जाणीव आयुष्यभर सोडत नाही. हे ऋण ओळखलं नाही, तर युद्धाच्या आठवणी जपण्याचा आपला सगळा खटाटोप दिखाऊ ठरतो.

उड्डाणापूर्वीची काही मिनिटं जवळून पाहिली की हे ध्यानात येतं. वैमानिक विमानापाशी येतो तेव्हा त्याच्यापुढे एक नोंदवही ठेवली जाते. हवाई दलात तिला ‘फॉर्म ७००’ म्हणतात. इंजिन कुणी तपासलं, इंधन कुणी भरलं, शस्त्रं कुणी चढवली, मागच्या उड्डाणात काय बिघडलं होतं आणि ते कुणी दुरुस्त केलं, हे सगळं त्यात सह्यांनिशी लिहिलेलं असतं. त्या सह्यांखाली वैमानिक आपली सही करतो. मग विमानाभोवती फेरी मारून टायर, पंखांच्या कडा, हवा आत घेणारं तोंड स्वतः पाहतो. शिडी चढून तो आसनात बसला की जमिनीवरचा सहकारी पट्टे आवळायला मदत करतो. उडी मारण्याच्या आसनाच्या सुरक्षा पिना काढल्या जातात. त्यांना लाल पट्ट्या असतात, म्हणजे एखादी चुकून राहिली तर लांबूनही दिसावी. सगळ्या पिना निघाल्याची खातरजमा होते, चाकांपुढचे अडसर ओढले जातात, सलाम होतो आणि विमान पुढे सरकतं.

या सगळ्यात वैमानिक मोजके शब्द बोलतो. त्याने पाहिलेल्या वहीत सहा-सात माणसांनी आपला शब्द दिलेला असतो. आकाशात ताशी हजार किलोमीटर वेगाने जाताना इंजिनाचा आवाज किंचित बदलला, आसनातून नेहमीपेक्षा वेगळी थरथर जाणवली, तर त्या क्षणी त्याला ती माणसं दिसत नसतात. दिसतं फक्त विमान. म्हणून सगळा विश्वास, सगळी भीती आणि परत आल्यावरची सगळी कृतज्ञता विमानावर जाऊन बसते. आपल्या हवाई दलात लढाऊ विमान एकट्या वैमानिकाच्या मालकीचं नसतं, स्क्वाड्रनमध्ये ते आलटून पालटून उडवलं जातं. तरी प्रत्येक विमानाचा स्वभाव वैमानिकांना पाठ असतो. एक ब्रेक लावताना डावीकडे ओढतं, दुसऱ्याचा एखादा काटा उगीच थरथरतो. हा स्वभाव वैमानिकाइतकाच, किंबहुना जास्त, ठाऊक असतो तो जमिनीवरच्या तंत्रज्ञाला. वैमानिक उतरला की घरी जातो. तंत्रज्ञ रात्रभर त्या विमानापाशी असतो.

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांचं उदाहरण मराठी वाचकांना ठाऊक असावं असं आहे. १९६५ च्या युद्धात ते हंटर विमान उडवत होते. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात विमान जायबंदी झालं आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. ‘विमान सोडून उडी मार’ असा सल्ला त्यांच्या उड्डाण-तुकडीच्या नेत्याने दिला. पारुळकरांनी ते मोडकं विमान तळावर परत आणलं. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं. सहा वर्षांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं. या वेळी त्यांनी विमान सोडलं, पॅराशूटने उतरले आणि युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी केलेलं पलायन पुढे गाजलं. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर असताना ते पुन्हा पकडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ त्यांचं निधन झालं.

या दोन प्रसंगांकडे एकत्र पाहायला हवं. एकदा विमान वाचवलं, एकदा सोडलं. दोन्ही निर्णय योग्यच होते. जहाजाबरोबर कप्तानाने बुडावं, या जुन्या दर्यावर्दी कल्पनेला हवाई दलात थारा नाही. वैमानिकाला उडी मारण्याचं आसन दिलेलं असतं, याचा अर्थ त्या विमानाच्या रचनेतच एक गोष्ट ठरलेली असते: माणूस आधी, यंत्र नंतर. स्वतःला गमावून माणसाला वाचवता यावं, अशी त्या यंत्राची बांधणीच असते. ते आसन कुणीतरी जोडलेलं असतं, त्याची स्फोटक काडतुसं कुणीतरी मुदत संपण्याआधी बदललेली असतात. पॅराशूट कुणीतरी नीट घडी घालून ठेवलेलं असतं. ज्या दिवशी विमान हरवतं, त्याच दिवशी त्यातल्या कष्टांची खरी कसोटी लागते.

मराठवाड्यात हवाई दलाचे मोठे तळ नाहीत. विमानाची ओळख आपल्याला उशिरा झाली. तरी हवाई दलाचं सर्वोच्च पद या भूमीतल्या माणसाने भूषवलं आहे. ३० सप्टेंबर २०२१ ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात हवाई दलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी हे परभणीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातील हस्तरा गावचे. त्यांनी मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमानं उडवली. त्यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण गावागावांतून हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालेली, इंजिन फिटर, शस्त्रतंत्रज्ञ, रडारचालक म्हणून वीस वीस वर्षं राबून सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर होऊन परतलेली माणसं आपल्याला कधी दिसतच नाहीत. गावात त्यांची ओळख ‘मिलिटरीत होते’ एवढीच. त्यांनी कोणत्या विमानावर काम केलं, हे कुणी विचारत नाही.

निर्जीव वस्तूत साठलेली माणसं ओळखायला परभणी जिल्ह्यातलीच एक स्त्री आपल्याला शिकवू शकते. संत जनाबाई गंगाखेडच्या. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्यांनी आयुष्यभर दळण-कांडण केलं, आणि त्यांच्या नावाने चालत आलेल्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसतो. जातं हा दगडच. पण पहाटे त्याच्या पलीकडे कुणीतरी बसून खुंट्याला हात लावतो, या अनुभवाने तो दगड सोबती होतो. त्या दगडावर जीव जडतो तो त्यात वाटून घेतलेल्या श्रमामुळे. वैमानिकही एकटाच बसलेला असतो आणि त्याच्या यंत्राला न दिसणारे दुसरे हात लागलेले असतात. फरक इतकाच की जनाबाईंनी आपल्या सोबत्याचं नाव घेतलं. आपण विमानांच्या बाबतीत फक्त दगडाचं नाव घेतो.

हे दुसरे हात किती दूर पोचतात, याचं एक विलक्षण उदाहरण भारतातच घडलं. दुसऱ्या महायुद्धात लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बफेकी विमान अठरा हजारांहून अधिक संख्येने बनलं. युद्ध संपल्यावर भारतातली लिबरेटर कानपूरला गोळा करून टाकून देण्यात आली. ती पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केली होती. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे तंत्रज्ञ त्या भंगारात उतरले. एका विमानाचा पंख, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याचं इंजिन असं जुळवून, कामापुरती दुरुस्ती करून त्यांनी चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली आणि भारतीय हवाई दलाला पहिली जड बॉम्बफेकी विमानं मिळाली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती उडाली. १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली.

तोवर बाकी जगाने आपली बहुतेक लिबरेटर वितळवून टाकली होती. ज्या माणसांनी त्यांतून लढाई केली होती, त्यांना दाखवायला विमान जवळजवळ उरलंच नव्हतं. मग संग्रहालयं भारताकडे वळली. १९७४ साली भारताने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला एक लिबरेटर भेट दिलं. कॅनडाला गेलं, अमेरिकेला गेलं. अमेरिकेत पोचलेल्या एका विमानाची वर्षानुवर्षं दुरुस्ती होऊन १९८९ मध्ये ते पुन्हा उडू लागलं, शहरोशहरी जाऊ लागलं, आणि ते उतरेल तिथे एकेकाळचे लिबरेटरवाले सैनिक नातवंडांना घेऊन येऊ लागले. त्या वृद्धांच्या हाताखालचा पत्रा कानपूरच्या भंगारातून भारतीय कामगारांनी वाचवला होता. त्यांतल्या कितीजणांना हे माहीत असेल? आणि आपल्यापैकी कितीजणांना आहे? माया पोचली, ऋण मात्र वाटेतच राहिलं.

हे नातं मुलांपर्यंतही उतरतं. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे सैनिक डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले आणि काश्मीर वाचलं. डाकोटाचे वैमानिक असलेले एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं एक डाकोटा विकत घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं. ‘परशुराम’ हे नाव आणि काश्मीर मोहिमेतल्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला मिळाला. मुलाने वडिलांचं ऋण विमानाच्या रूपाने फेडलं. ऋणाची कल्पना ज्या समाजात इतकी खोल आहे, तिथे हे कुणाला नवल वाटू नये.

पण या मायेला एक काळी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. बॉम्बफेकी विमानावर जीव लावणारा माणूस त्याच विमानातून खाली मृत्यू टाकत असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधल्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. लँकॅस्टर विमानातल्या सात जणांची एकमेकांवरची आणि विमानावरची भिस्त यामुळेच इतकी घट्ट होती. त्यांच्या बॉम्बखाली हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन जळालं, हेही तितकंच खरं. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाला वैमानिक पॉल टिबेट्स यांनी आपल्या आईचं, एनोला गे हिचं, नाव दिलं होतं. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने ते विमान बॉम्बचे बळी ठरलेल्यांच्या कहाणीसह मांडायचं ठरवलं, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि राजकारण्यांनी इतका विरोध केला की मूळ प्रदर्शन गुंडाळावं लागलं आणि संचालकांनी राजीनामा दिला.

त्या माजी सैनिकांची माया खोटी नव्हती. पण विमानात साठलेल्या माणसांची त्यांची यादी अपुरी होती. आपल्या सहकाऱ्यांना त्यांनी त्या यादीत घेतलं, खाली असलेल्यांना वगळलं. विमानामुळे जे वाचले आणि विमानामुळे जे मेले, ते सगळेच त्याच्या इतिहासाचे धनी आहेत. हिशेब पुरा मांडला नाही तर आठवणीचा अभिमान होतो, आणि अभिमानाला पुढच्या युद्धाची भूल पडायला वेळ लागत नाही.

दुसरा धोका आपल्या अधिक जवळचा आहे. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये भारतात आलं. नाशिकजवळच्या ओझर इथे ते मराठी कामगारांच्या हातांनी शेकड्यांनी तयार झालं. १९७१ मध्ये ढाक्याच्या राजभवनावर त्याच विमानांनी मारा केला आणि पूर्व पाकिस्तानचं सरकार कोलमडलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला, तेव्हा जुने वैमानिक देशभरातून जमले होते. त्यांच्या भावनांविषयी मला आदर आहे. पण २०१२ साली सरकारने संसदेत दिलेली आकडेवारीही त्या निरोपाबरोबर वाचायला हवी: मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिकांचा त्यांत बळी गेला होता. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवून विषय मिटवायला त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, जाहीर नकार दिला आणि विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढे आणला. हवाई दलाशी त्यांचं वैर नव्हतं. वडील स्वतः त्याच दलातून निवृत्त झालेले होते. फॉर्म ७०० वर सही करणाऱ्या प्रत्येकाचा शब्द खरा ठरावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. माझ्या लेखी विमानावरची खरी माया या मागण्यात होती.

जुन्या विमानाचं गुणगान करत त्याची निवृत्ती लांबवणं हा मायेचा गैरवापर आहे. नव्या विमानांना झालेला विलंब, सुट्या भागांची टंचाई, प्रशिक्षणाच्या विमानांची कमतरता ही त्यामागची कारणं सरकारी होती. ‘शूरांचं विमान’ म्हणून त्याचा गौरव होत राहिला आणि या कारणांचा जाब तितक्या नेटाने विचारला गेला नाही. याच्या उलट चूक आपण विक्रांतच्या बाबतीत केली. डिसेंबर १९७१ मध्ये या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मग देखभालीचा खर्च परवडत नाही म्हणून लिलावात सुमारे साठ कोटींना विकली गेली आणि २०१४ पासून मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली गेली. तिच्यावर राबलेल्या नौसैनिकांची विनवणी कामी आली नाही. जे जमिनीवर उतरवायला हवं होतं ते आपण उडवत ठेवलं आणि जे जपायला हवं होतं ते मोडीत काढलं. दोन्ही चुकांचं मूळ एकच: यंत्राच्या आत असलेल्या माणसांचा विचार शेवटी केला गेला.

मग या नात्याचा मान राखायचा तो कसा? चौकाचौकांत चबुतऱ्यावर निवृत्त विमान ठेवण्याची रीत आता रूढ झाली आहे. मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात, ते ठीकच आहे. पण त्याखालच्या पाटीवर बहुधा विमानाचं नाव, वेग आणि उंची एवढंच असतं. ते विमान कोणत्या कारखान्यात बनलं, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये राहिलं, कुठल्या मोहिमेत गेलं, त्यावर कोणत्या हुद्द्यांच्या माणसांनी काम केलं, त्या जातीच्या विमानांत किती वैमानिक गेले आणि ते कुठे वापरलं गेलं, हे सगळं त्या पाटीवर असायला हवं. अशी पाटी वाचणाऱ्या मुलाला विमान हे शौर्याचं खेळणं वाटणार नाही.

त्याहून मोठं काम आपल्या जिल्ह्यात करता येण्यासारखं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या परभणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत इतिहास शिकवला जातो. सेलू, जिंतूर, पाथरी, पूर्णा, गंगाखेड इथल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या निवृत्त वायुसैनिकांकडे जाऊन त्यांच्याच बोलीत त्यांच्या कामाची हकिकत ध्वनिमुद्रित केली, तर मराठीत आज नसलेलं साहित्य उभं राहील. आपल्याकडे सेनापतींची आणि वैमानिकांची आत्मचरित्रं आहेत. ज्याने थंडीच्या रात्री बोटं बधिर होईपर्यंत इंजिनाचे बोल्ट आवळले आणि पहाटे गेलेली विमानं परत येताना मोजली, त्याच्या तोंडचं मराठी कुठेच नाही. एखादं विमान परत आलं नाही, तर आपल्या सहीखालचं काही चुकलं का, हा प्रश्न त्याने किती वर्षं उराशी वागवला, हेही कुणी टिपून ठेवलेलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान आकाशात गेलं. त्यावर काम करणाऱ्या पुढच्या पिढीत मराठवाड्यातली मुलं असतील, आता मुलीही असतील. त्यांना आपल्या कामाची किंमत आधीच्या पिढीच्या तोंडून कळायला हवी. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला तंत्रज्ञ आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. विमानं संग्रहालयात आणखी शंभर वर्षं राहू शकतील. ती ज्यांच्या सह्यांवर उडाली, त्यांच्यापाशी तेवढा वेळ नाही. म्हणून महाविद्यालयांनी आणि सैनिक कल्याण कार्यालयाने हे काम याच वर्षी हाती घ्यावं, आणि सुरुवात अधिकाऱ्यांपासून न करता वायुसैनिकांपासून करावी.